लोकसंख्या शून्य, तरी गावाला मेयर : फ्रान्समधलं फ्लरी गाव



सहावीच्या नागरिकशास्त्रात ग्रामीण स्थानिक शासन संस्थांचा पाठ आहे. ग्रामपंचायत, सरपंच, ग्रामसभा, पंचायत समिती, जिल्हा परिषद. मुलं तक्ता पाठ करतात, गाळलेल्या जागा भरतात आणि पाठ संपतो. यंदा पाठ चालू असताना मागच्या बाकावरच्या एका मुलानं हात वर केला आणि विचारलं, "मॅडम, गावात एकपण माणूस राहिला नाही तर सरपंच कोण होणार?"

वर्ग हसला. मीपण हसले आणि म्हटलं, "अरे, माणूसच नाही तर मग ते गाव कसलं? माणसं नाहीत म्हणजे गाव नाही." तो गप्प बसला. घरी जाताना माझ्या लक्षात आलं की हा मुलगा धरणग्रस्तांच्या वसाहतीतला आहे. त्याच्या आजीचं गाव पाण्याखाली गेलेलं आहे, आणि ती अजून कुणी विचारलं तर त्याच गावाचं नाव सांगते. म्हणजे प्रश्न गमतीचा नव्हताच.

मग मी शोधाशोध केली आणि माझं उत्तर चुकीचं निघालं. निदान एका देशात तरी. फ्रान्समध्ये अशी सहा गावं आहेत जिथे शंभर वर्षांहून जास्त काळ एकही माणूस राहत नाही, तरी सरकारदरबारी ती पूर्ण गावं आहेत. हद्द आहे, नाव आहे, आणि मेयरसुद्धा आहे. त्यातल्या एका गावाची, फ्लरीची, माहिती आज देते. भूगोल आणि नागरिकशास्त्र दोन्ही विषयांना उपयोगी पडेल.

गाव कुठे आहे?

पूर्ण नाव फ्लरी-दव्हाँ-दुओमों. अर्थ सोपा आहे, 'दुओमोंच्या पुढ्यातलं फ्लरी'. फ्रान्समध्ये फ्लरी नावाची बरीच गावं आहेत, म्हणून ओळखायला शेजारच्या गावाचं नाव जोडलं. आपल्याकडे बुद्रुक आणि खुर्द लावतात, किंवा एकाच नावाच्या दोन गावांपुढे जवळच्या मोठ्या गावाचं नाव लावतात, तसंच हे. मुलांना हे लगेच पटतं.

नकाशात फ्रान्सचा ईशान्य कोपरा दाखवा. तिथे म्यूज नावाची नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. पुढे ती बेल्जियम आणि नेदरलँड्समधून जाऊन उत्तर समुद्राला मिळते. या नदीकाठी व्हर्दून नावाचं जुनं तटबंदीचं शहर आहे. त्याच्या ईशान्येला काही किलोमीटरवर, नदीच्या उजव्या बाजूच्या उंचवट्यावर फ्लरी होतं.

उंचवटा म्हणजे आपल्या सह्याद्रीसारखा नाही बरं का. समुद्रसपाटीपासून साडेतीनशे-चारशे मीटरच्या आतबाहेर. पण त्याची घडण शिकवण्यासारखी आहे. पॅरिस हे एका मोठ्या पसरट खोलगट भागाच्या मध्यावर आहे, आणि त्याच्या पूर्वेला कठीण चुनखडीच्या कडा एकामागून एक उभ्या आहेत. ताटात ताट, त्यात वाटी ठेवली की जशा कडा दिसतात, काहीसं तसं. त्यातली एक कड म्हणजे म्यूजचा हा उंचवटा. त्याच्या पूर्वेला व्वाव्र नावाचं चिकणमातीचं सखल मैदान पसरलेलं आहे. वरच्या चुनखडीत पाणी मुरून जातं, खालच्या चिकणमातीवर ते साचतं. पावसाळी दिवसांत इथला चिखल फार त्रासदायक होतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

उंचवट्यावरून पूर्वेकडचं मैदान लांबवर दिसतं. १८७१ मध्ये जर्मनीनं फ्रान्सला हरवून अल्सास आणि लोरेनचा काही भाग घेतला, त्यामुळे सीमा व्हर्दूनच्या जवळ सरकली. मग फ्रान्सनं शहराभोवतीच्या टेकड्यांवर किल्ल्यांचं कडं उभारलं. त्यातला सगळ्यात मोठा किल्ला दुओमोंचा. फ्लरी गाव या दुओमोंच्या आणि सुव्हील नावाच्या दुसऱ्या किल्ल्याच्या मध्ये येत होतं. गावकऱ्यांनी काही चूक केली नव्हती. त्यांचं गाव फक्त दोन किल्ल्यांच्या मध्ये होतं.

लढाईआधीचं फ्लरी

पहिल्या महायुद्धाआधी, १९१३ मध्ये, गावात ४२२ माणसं राहत होती. शेती, गुरं, जंगलातलं लाकूडतोडीचं काम. गावात पाव भाजणारा होता, लोहार होता, शाळा होती, चर्च होतं, मेयरचं कार्यालय होतं. छोट्या रेल्वेचं एक स्टेशनही होतं.

लोरेन भागातल्या जुन्या गावांची एक ठेवण असते. एकच लांब रस्ता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना भिंतीला भिंत लागून घरं. माणसं, गुरं, गवताचा साठा, सगळं एकाच छपराखाली. घर आणि रस्ता यांच्यामध्ये एक रुंद मोकळी पट्टी सोडलेली असते. तिथे लाकडं रचायची, गाड्या लावायच्या आणि शेणखताचा ढीग घालायचा. म्हणजे उकिरडा अगदी दारापुढे, रस्त्याला लागून! आणि तो जितका मोठा तितकी घरची गुरं जास्त, म्हणजे तितकं घर सुखवस्तू. वर्गात हे सांगितल्यावर मुलांना भारी मजा वाटली. एकीनं लगेच सांगितलं की तिचे आजोबाही स्थळ बघायला गेले की आधी गोठा आणि उकिरडा बघायचे.

तिथलं गाव म्हणजे 'कम्यून'

आता थोडं नागरिकशास्त्र. फ्रान्समधल्या सगळ्यात लहान प्रशासकीय घटकाला कम्यून म्हणतात. गाव असो की पॅरिससारखं महानगर, दोघंही कम्यूनच. आपल्यासारखा ग्रामपंचायत, नगरपंचायत, नगरपरिषद, महानगरपालिका असा वेगवेगळा प्रकार नाही.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या वर्षी, डिसेंबर १७८९ च्या कायद्यानं हे कम्यून तयार झाले. नवीन हद्दी आखत बसण्यापेक्षा त्यांनी जुनी चर्चची गावं, म्हणजे एका चर्चच्या घंटेखाली येणारा परिसर, बऱ्याच ठिकाणी जशीच्या तशी घेतली. म्हणून त्यांची संख्या प्रचंड आहे. आजही फ्रान्समध्ये सुमारे ३५ हजार कम्यून आहेत आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त गावांत ५०० सुद्धा लोक नाहीत. तुलनेसाठी सांगते, महाराष्ट्राची लोकसंख्या फ्रान्सपेक्षा बरीच जास्त असूनही आपल्याकडे सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. ज्या म्यूज जिल्ह्यात फ्लरी येतं, तिथे दोन लाखांच्या आत लोक आणि कम्यून मात्र सुमारे पाचशे. भागाकार मुलांकडून करून घ्या. एका कम्यूनमागे सरासरी चारशेसुद्धा माणसं येत नाहीत.

५ एप्रिल १८८४ च्या कायद्यानं गावकारभाराची जी चौकट घातली ती मोठ्या प्रमाणात अजून टिकून आहे. लोक गावाचं मंडळ निवडतात आणि मंडळ आपल्यातून मेयर निवडतं. मुदत सहा वर्षांची. शंभरपेक्षा कमी वस्तीच्या गावाला सात सदस्यांचं मंडळ, त्यावर पाचशेपर्यंत अकरा, असं वाढत जातं. आपल्या ग्रामपंचायतीतही कमीत कमी सातच सदस्य असतात, हा योगायोग मला आवडला. फरक असा की आपला सरपंच सध्या थेट लोकांतून निवडला जातो आणि आपल्याकडे ग्रामसभा असते. गावातल्या सगळ्या मतदारांची अशी सभा फ्रेंच कायद्यात नाही. मला विचाराल तर या बाबतीत आपली रचना जास्त चांगली आहे, फक्त ग्रामसभेला कोरम पूर्ण व्हायला हवा!

महिलांच्या बाबतीतही आपण पुढे आहोत. महाराष्ट्रात पंचायतींमध्ये महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. फ्रान्समध्ये हजारापेक्षा कमी वस्तीच्या गावांना स्त्री-पुरुष समान संख्येच्या याद्यांचा नियम लागू करणारा कायदा २०२५ मध्ये झाला, तोही २०२६ च्या निवडणुकीपासून.

मेयरचं काम मात्र आपल्या सरपंचापेक्षा वेगळं आहे. त्याच्या डोक्यावर दोन टोप्या असतात असं मी मुलांना सांगते. एक टोपी गावाची. अंदाजपत्रक, रस्ते, शाळेची इमारत, दफनभूमी. दुसरी टोपी सरकारची. जन्म, मृत्यू, विवाह यांच्या नोंदी, मतदारयाद्या, निवडणुका, कायदा गावात लागू करणं. १७९२ पासून या नोंदी चर्चच्या हातून काढून कम्यूनकडे दिल्या. लग्न कायदेशीर व्हायचं असेल तर ते गावच्या कार्यालयात मेयर किंवा त्याच्या सहायकासमोर लागावं लागतं. चर्चमधलं लग्न ज्याला हवं त्यानं नंतर करावं. त्या वेळी मेयर निळा-पांढरा-लाल असा तिरंगी पट्टा खांद्यावरून तिरका बांधतो.

वरची उतरंड अशी आहे. कम्यूनच्या वर जिल्ह्यासारखा 'देपार्तमाँ', त्याच्या वर 'रेजिओं' म्हणजे प्रदेश. फ्लरी हे म्यूज देपार्तमाँमध्ये, क्रमांक ५५, आणि २०१६ पासून 'ग्राँ-एस्त' म्हणजे 'मोठा पूर्व' या प्रदेशात. देपार्तमाँमध्ये निवडून आलेलं मंडळ असतं, आणि शिवाय केंद्र सरकारनं नेमलेला प्रीफेक्ट असतो. आपल्या जिल्हाधिकाऱ्याशी त्याची तुलना करता येते. म्यूजचा प्रीफेक्ट बार-ल-द्युक या गावी बसतो आणि त्याच्या हाताखालचा उपप्रीफेक्ट व्हर्दूनमध्ये, म्हणजे आपल्या प्रांताधिकाऱ्यासारखा.

शिक्षक बांधवांसाठी थोडं आडवळण

हे वाचून मला फार आपलेपणा वाटला म्हणून लिहिते. १८८० नंतर फ्रान्समध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं आणि गावोगाव एकाच इमारतीत शाळा आणि मेयरचं कार्यालय बांधलं गेलं. मध्ये कार्यालय, एका अंगाला मुलांचा वर्ग आणि दुसऱ्या अंगाला मुलींचा, अशी इमारत अजूनही कितीतरी गावांत दिसते. आणि लहान गावात मेयरच्या कार्यालयाचं लिहिण्याचं काम कोण करायचं? गुरुजी! शाळा सुटली की शिक्षक गावाचा चिटणीस व्हायचा. जन्ममृत्यूचे दाखले, ठराव, पत्रव्यवहार सगळं त्याच्या अक्षरात. जनगणना, मतदारयाद्या, पोषण आहाराच्या नोंदी करून थकलेल्या माझ्या सहकाऱ्यांना मी हे सांगितलं तर एक सर म्हणाले, "म्हणजे हे सगळीकडेच आहे तर!"

आज तिथे हे काम करणारे वेगळे कर्मचारी आहेत. शाळेची इमारत गावाची, शिक्षकाचा पगार सरकारचा, ही वाटणी मात्र कायम आहे. मुलं कमी झाली की तीन-चार गावं मिळून शाळा वाटून घेतात. एका गावात बालवाडी, दुसऱ्यात पहिली-दुसरी, तिसऱ्यात पुढचे वर्ग, आणि मुलं बसनं ये-जा करतात. कोणता वर्ग बंद होणार याचा निर्णय दरवर्षी शिक्षण खातं घेतं आणि दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गावात पालक शाळेच्या दाराशी फलक घेऊन उभे असतात. कमी पटाच्या शाळांवरून आपल्याकडे जे चाललं आहे ते आठवल्याशिवाय राहत नाही. पण तो वेगळा विषय आहे, परत फ्लरीकडे येऊ.

१९१६

२१ फेब्रुवारी १९१६ रोजी जर्मन तोफांनी व्हर्दूनच्या आघाडीवर मारा सुरू केला. फ्लरीच्या लोकांना घरं सोडून निघावं लागलं. हातात मावेल तेवढं घेतलं. आपण परत येणार असं समजूनच सगळे निघाले असतील. चार दिवसांत, २५ फेब्रुवारीला, दुओमोंचा किल्ला पडला.

२३ जूनला जर्मन सैन्य फ्लरीत शिरलं. तिथून १८ ऑगस्टपर्यंत, म्हणजे दोन महिन्यांच्या आत, हे गाव सोळा वेळा या हातातून त्या हातात गेलं. मुलांना कबड्डीच्या मैदानातली मधली रेघ आठवा म्हणावं, ती रेघ म्हणजे हे गाव. प्रत्येक वेळी आधी तोफा, मग माणसं. घरांचे दगड फुटले, मग फुटलेले दगडही फुटले, शेवटी दगडांचा चुरा मातीत मिसळला. वरून पाऊस. मघाशी सांगितलेला तो चिखल इथे आला. खड्ड्यांत पाणी साचलं, आणि जखमी माणसं त्यात बुडून गेली.

व्हर्दूनची लढाई १८ डिसेंबर १९१६ पर्यंत चालली. तीनशे दिवस. दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे तीन लाख सैनिक मेले. एका मुलीनं विचारलं, "आपले लोक होते का मॅडम तिथे?" आपले भारतीय सैनिक फ्रान्समध्ये लढले हे खरं, पण उत्तरेला नव्ह-शापेल या गावाच्या आसपास, १९१४-१५ मध्ये. तिथे त्यांचं स्मारकही आहे. व्हर्दूनची लढाई सुरू व्हायच्या आधी, १९१५ च्या अखेरीस, भारतीय पायदळ फ्रान्समधून मेसोपोटेमियाकडे हलवलं होतं.

परत जाता आलं नाही

युद्ध संपल्यावर लोकांना परत जायचं होतं. पण जमिनीवर उभं राहायला जागा नव्हती. आपल्या जुन्या भाषेत गावाचे दोन भाग असतात, घरं असतात ती पांढरी आणि शेती असते ती काळी. इथे पांढरी तर गेलीच, काळीही गेली. मातीत न फुटलेले तोफगोळे, विषारी वायूचे गोळे, तारा, प्रेतं. वरची सुपीक माती उडून गेलेली आणि खालची चुनखडी वर आलेली. सरकारनं नुकसानीची पाहणी केली आणि सगळ्यात वाईट भागाला नकाशावर लाल रंग दिला. त्यालाच 'लाल पट्टा' म्हणतात. दुरुस्तीचा खर्च जमिनीच्या किमतीपेक्षा जास्त येतो, म्हणून ती जमीन सरकारनं विकत घेतली आणि शेती व वस्तीसाठी बंद केली.

मग तिथे झाडं लावली. १९२०-३० च्या दशकांत पाइनची लाखो रोपं लागली, त्यातली काही जर्मनीनं युद्धाच्या भरपाईपोटी दिलेली होती. आज तिथे सुमारे दहा हजार हेक्टरचं सरकारी जंगल आहे. बाहेरून हिरवंगार दिसतं, पण आत शिरलं की जमीन सपाट कुठेच नाही. खड्डा, उंचवटा, खड्डा, उंचवटा, सगळीकडे गवत उगवलेलं. वाट सोडून चालू नका अशा पाट्या आहेत आणि त्या शोभेच्या नाहीत. त्या भागात गोळे अजून निघतात आणि सरकारी पथक येऊन ते नेतं. व्हर्दूनच्या उत्तरेकडच्या एका जंगलात युद्धानंतर रासायनिक गोळे जाळले होते. त्या जागेवर मातीत आर्सेनिक इतकं आहे की शंभर वर्षांनीही तिथे धड काही उगवत नाही. प्रदूषणाचा पाठ शिकवताना हे उदाहरण जरूर वापरा.

मग गावाचं काय करायचं?

सरकारपुढे प्रश्न होता. माणसं नाहीत, घरं नाहीत, शेती नाही. सोपा मार्ग होता. नावं खोडायची आणि जमीन शेजारच्या कम्यूनला जोडून टाकायची. कारकुनी हिशोबानं तेच बरोबर होतं.

तसं केलं नाही. व्हर्दूनजवळच्या उद्ध्वस्त झालेल्या नऊ गावांना 'फ्रान्ससाठी मरण पावलेलं गाव' असा दर्जा दिला. हा शब्दप्रयोग सैनिकांसाठी वापरायचा असतो, तो गावांना लावला. आणि १८ ऑक्टोबर १९१९ च्या कायद्यानं त्यांच्यासाठी कारभाराची सोय केली. मतदार नाहीत म्हणून निवडणूक नाही. तीन सदस्य प्रीफेक्ट नेमतो आणि त्यांच्या अध्यक्षाला मेयरचे अधिकार असतात.

नऊपैकी दुओमों, व्हो आणि ऑर्न या तीन ठिकाणी पुढे थोडीफार वस्ती झाली. ऑर्नमध्ये आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं आहेत. दुओमों आणि व्हो ही दोन गावं १ जानेवारी २०१९ ला एक झाली. उरलेली सहा गावं म्हणजे बोमों, बझोंव्हो, क्युमियेर, ओमों, लुव्हमों आणि आपलं फ्लरी. जनगणनेत त्यांच्या नावापुढे आकडा असतो ०.

या मेयरना काय काम असतं? गावाच्या जागेची देखभाल, वाटा, प्रार्थनामंदिर, स्मारक, दरवर्षीचा स्मृतिदिन, जुन्या कुटुंबांच्या वंशजांशी संपर्क. शेजारच्या गावांबरोबरच्या संयुक्त मंडळातही फ्लरी आहे, व्हर्दून शहर आणि आसपासची वीसेक गावं त्यात येतात. नेमलेली माणसं अनेकदा गाव सोडून गेलेल्या कुटुंबांतलीच असतात. म्हणजे पणजोबांनी सोडलेल्या गावाचा कारभार पणतू बघतो, राहतो मात्र दुसरीकडे.

फ्लरीत आज गेलात तर जुन्या चर्चच्या ठिकाणी १९३४ मध्ये बांधलेलं छोटं प्रार्थनामंदिर दिसतं. जिथे रस्ता होता तिथे पायवाट आहे, आणि वाटेच्या कडेनं पांढरे खुंट रोवलेले आहेत. इथे पाववाला, इथे लोहार, इथे शेतकऱ्याचं घर, इथे शाळा. स्टेशनच्या जागी १९६७ मध्ये व्हर्दूनच्या लढाईचं संग्रहालय उघडलं. तेही फ्लरीच्याच हद्दीत येतं. २०१६ मध्ये, लढाईच्या शताब्दीला, फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष आणि जर्मनीच्या चॅन्सेलर अशा दोघांनी मिळून त्याच्या नूतनीकरणाचं उद्घाटन केलं. त्याआधी २०१३ मध्ये फ्लरीत एका जागी २६ फ्रेंच सैनिकांचे अवशेष सापडले. काहींच्या गळ्यातले बिल्ले शाबूत होते, त्यावरून नावं कळली. म्हणजे लोकसंख्या शून्य असलेल्या या गावात माणसं अजून सापडतात.

आपल्याकडे काय?

आपल्या महसुली कागदांत ओसाड गावासाठी एक शब्द आहे, 'बेचिराख'. चिराग म्हणजे दिवा, बेचिराख म्हणजे जिथे दिवा लागत नाही असं गाव. तलाठी कार्यालयात विचारलंत तर तुमच्याही तालुक्यात एखादं बेचिराख गाव निघेल. नकाशात त्याला हद्द असते, सातबाऱ्यावर नाव असतं, जनगणनेच्या यादीतही ते येतं. म्हणजे महसुली गाव जिवंत असतं. पण ग्रामपंचायत नसते, कारण ती मतदारांवर उभी असते. तिथली जमीन शेजारच्या गावचे लोक कसतात.

धरणात गेलेल्या गावांचं आणखी वेगळं आहे. लोकांना नवीन गावठाण मिळतं, कधी जुनंच नाव मिळतं, कधी जुन्या नावापुढे 'पुनर्वसित' लागतं, आणि कधी दुसऱ्याच ग्रामपंचायतीत एक वॉर्ड होऊन राहावं लागतं. दोन्ही देशांची सरळ तुलना करू नये हे मला कळतं. फ्रान्सनं सहा गावांसाठी केलं ते आपण शेकडो गावांसाठी कसं करणार? आणि फ्रान्समध्येही ते युद्धात गेलेल्या गावांसाठीच केलं गेलं. तिथेही धरणं झाली, त्यांत गावं बुडाली, त्यांना असा मान मिळाला नाही. पण निदान 'माणसं नाहीत म्हणजे गाव नाही' हे मी म्हणायला नको होतं.

वर्गात मी काय केलं

पुढच्या तासाला मी आधी सांगितलं की परवाचं माझं उत्तर चुकलं. मग फ्लरीची गोष्ट सांगितली. फळ्यावर दोन उतरंडी शेजारी शेजारी काढल्या. कम्यून-देपार्तमाँ-प्रदेश आणि ग्रामपंचायत-पंचायत समिती-जिल्हा परिषद. मेयरच्या दोन टोप्या काढल्या आणि आपल्याकडे ती कामं कोण कोण करतं ते मुलांनी लिहिलं. सरपंच, ग्रामसेवक, तलाठी, पोलीस पाटील अशी चार-पाच नावं आली. एका माणसाचं काम आपल्याकडे इतक्या जणांत वाटलेलं आहे हे त्यांना स्वतःलाच दिसलं, मला सांगावं लागलं नाही.

नंतरचा उपक्रम खुंटांचा. प्रत्येकानं आपल्या गावाचा नकाशा काढायचा, पण घरं काढायची नाहीत. फक्त वाट आणि खुंट काढायचे. प्रत्येक खुंटावर एक शब्द, तिथे काय आहे किंवा काय होतं. 'काय होतं' साठी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून यायचं. यासाठी दोन दिवस द्या, एका दिवसात होत नाही. पालकांनी कृपया स्वतः नकाशा काढून देऊ नये, आजीआजोबांजवळ मुलांना बसवावं इतकंच.

नकाशांवर गिरणी, जुनी चावडी, पडलेला वाडा, बुजवलेली विहीर, कापलेला वड असं बरंच आलं. एकानं मोबाईलचा टॉवर काढला, तोही चालतो.

त्या मागच्या बाकावरच्या मुलानं दोन कागद आणले. एकावर वसाहत, चार सरळ गल्ल्या आणि पाण्याची टाकी. दुसरा कागद आजीनं सांगून काढलेला. नदीचा घाट, मारुती, तिकटी, कासाराचं घर, शाळा. बावीस खुंट होते, मी मोजले. शाळेच्या खुंटाखाली त्यानं बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'आजी दुसरीपर्यंत'. मी विचारलं, यातलं तुझं गाव कुठलं? तो म्हणाला, "दोन्ही लावा ना मॅडम भिंतीवर." लावले आहेत.